धालोच्या दोन रांगा आणि माशीच्या पायावरचा डोळा

पौषातल्या चांदण्या रात्री, जेवणंखाणं आटोपल्यावर, गोव्यातल्या कितीतरी गावांत बायका मांडावर, म्हणजे अशा सोहळ्यांसाठी राखलेल्या गावच्या मोकळ्या जागेत, जमतात. एकमेकींकडे तोंड करून दोन रांगा लागतात. एकेका रांगेत डझनभर बायका, शेजारणीच्या पाठीमागून हात घालून साखळीसारख्या बांधलेल्या. एक रांग गाण्याचा चरण म्हणत पुढे येते, वाकते, मागे सरते. मग समोरची रांग तोच चरण उचलते आणि पुढे येते. पाच, सात किंवा नऊ रात्री हा धालो चालतो. धरित्रीला आणि वनदेवतेला आळवणं होतं, आणि शेवटच्या रात्री सोंगं निघतात, बायका पुरुषांचे वेष घेतात.

हाच धालो रंगमंचावर आणताना पुष्कळदा एक लहानसा बदल होतो. दोन्ही रांगा प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहतात. गाणी तीच, लुगडी तीच, फुलं तीच. वेळ दहा मिनिटांची असल्यामुळे दुसऱ्या रांगेनं चरण पुन्हा म्हणणं गळतं आणि सगळ्या जणी एका सुरात म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, धालो जपला. मला मात्र वाटतं की धालोला दर वर्षी नव्यानं उगवू देणारी गोष्ट नेमकी त्या एका वळण्यात हरवली.

कशी, ते सावकाश पाहू. समोरची रांग जे म्हणते तेच आपल्या रांगेला लगेच म्हणायचं असतं. म्हणजे प्रत्येक चरण आधी कानावर पडतो, मग तोंडात येतो. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला गाणं पाठ असण्याची गरजच नसते. तिचा हात शेजारच्या बाईच्या पाठीवर असतो, त्यामुळे पाऊल कधी उचलायचं हे तिला अंगातूनच कळतं. चरणाचा शेवटचा शब्द आला तरी पहिल्या रात्री पुरतं. पाचव्या रात्रीपर्यंत अर्धा चरण येतो. वेगळी शाळा नाही, शिकवणारी कोणी नेमलेली नाही. रांगेची रचना हीच शाळा. रांगा वळवल्या की गाणं शाबूत राहतं आणि शाळा बंद होते.

संस्कृती बदलते कशी, याचा विचार करताना मला जीवशास्त्राच्या एका शाखेचा फार आधार वाटतो. उत्क्रांती आणि गर्भाची वाढ यांचा एकत्र अभ्यास करणारी ही शाखा इव्हो-डेव्हो या आटोपशीर नावानं ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यावर उत्क्रांतीचा जो सिद्धान्त पक्का झाला, त्यात जनुकं होती, निवड होती, लोकसंख्येची गणितं होती. अंड्यापासून अंग कसं घडतं हा प्रश्न मात्र बाजूला राहिला होता. १९८३-८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल आणि अमेरिकेतल्या इंडियाना इथल्या प्रयोगशाळांना माशीच्या अंगाचे भाग ठरवणाऱ्या जनुकांत एक समान तुकडा सापडला, आणि लवकरच तोच तुकडा बेडकात, उंदरात, माणसातही दिसला. माशी आणि माणूस यांच्या वाढीची हत्यारपेटी बरीचशी एकच निघाली. फरक पडतो तो कोणतं हत्यार कधी, कुठं आणि किती वेळ बाहेर काढलं जातं यामुळे.

संस्कृतीबद्दल बोलताना आपण नकळत नकलेची भाषा वापरतो. परंपरा ‘हस्तांतरित’ होते, ‘वारशानं मिळते’, जणू सोन्याचा दागिना एका हातातून दुसऱ्या हातात जातो. १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स यांनी मीम ही कल्पना मांडली. जनुकांसारख्या प्रती काढत पसरणारे कल्पनांचे कण, असं ते चित्र होतं आणि ते लोकांना आवडलंही. पण रांगेच्या टोकावरची ती मुलगी कशाची प्रत काढते? तिला मिळतात ते तुकडे : शेवटचा शब्द, पावलाचा झोल, पाठीवरचा दाब. त्या तुकड्यांवरून ती आपल्या आत धालो पुन्हा घडवते. जनुक म्हणजे अंगाचा नकाशा नव्हे, तसंच गाण्याची वही म्हणजे धालो नव्हे. मधे वाढ असते, आणि बदल शिरतो तो बहुधा त्या वाढीतूनच.

वाढीचं महत्त्व दाखवणारा सर्वांत देखणा प्रयोग १९९५चा. माशीत डोळा घडवण्याची सुरुवात करणारं एक जनुक आहे. ते निकामी झालं तर माशी डोळ्यांविना जन्मते, म्हणून त्याचं नाव ‘आयलेस’. उंदरात याच घराण्यातलं जनुक आहे, पॅक्स-६. बाझलमधल्या वॉल्टर गेहरिंग यांच्या गटानं उंदराचं जनुक माशीच्या अळीत, जिथून पुढे पाय किंवा पंख होणार त्या पेशींत चालू केलं. पायावर डोळा उगवला. उंदराच्या जनुकानं उगवलेला तो डोळा उंदराचा नव्हता. अनेक भिंगांचा, लालसर, अस्सल माशीचा डोळा होता. जनुकानं सांगितलं एवढंच की ‘इथं डोळा कर’. कसला डोळा करायचा, हे माशीच्या पेशींना आधीपासून ठाऊक होतं.

गोव्यातली देवळं मला या प्रयोगाची आठवण करून देतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकानं साष्टी, तिसवाडी, बार्देशातले देव नदीपार नेले गेले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. पुढे तिथं जी मोठी देवळं उभी राहिली, त्यांत गर्भगृह, अंतराळ, सभामंडप, समोर दीपस्तंभ, बाजूला तळी आणि अग्रशाळा, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरण्याच्या खोल्या, हा क्रम जुनाच. पण गर्भगृहावर घुमट आला, खिडक्यांना गोल कमानी आल्या, दीपस्तंभ अष्टकोनी मजल्यांचा झाला. ‘इथं देऊळ कर’ ही आज्ञा जुनी होती. भिंती उचलणारे हात कमानींना आणि घुमटांना सरावलेले होते. याला मिश्रण म्हणून सोडून देणं मला पुरत नाही. मिश्रणात काय टिकतं आणि काय वाहून जातं हे कळत नाही. इथं ते स्पष्ट दिसतं. पूजा ज्या क्रमाशिवाय होऊच शकत नाही तो क्रम टिकला. छपराच्या आकारावर पूजेतलं काहीच अवलंबून नव्हतं, ते बदललं.

कशावर किती गोष्टी टेकलेल्या आहेत, हे मोजणं म्हणजे या सगळ्या विचाराचा कणा आहे. तत्त्वज्ञ विल्यम विमसॅट यांनी त्याला नीट नाव दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : वाढीत जी गोष्ट लवकर येते आणि जिच्यावर पुढच्या अनेक गोष्टी उभ्या राहतात ती खोल रुतते, आणि तिला हलवणं महाग पडतं. पायाचा दगड बदलायचा तर घर उतरवावं लागतं, कौल बदलायला शिडी पुरते. ही कल्पना गोव्यातल्या घुमटावर लावून पाहिली की तिची ताकद कळते. हा घुमट छपरावरचा नव्हे, वाजवायचा.

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं भाजलेलं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून दोरीनं आवळलेलं असतं, दुसरं तोंड अरुंद आणि मोकळं. एका हाताची बोटं कातड्यावर पडतात, दुसऱ्या हाताचा तळवा अरुंद तोंडावर उघडझाप करतो. आतली हवा कोंडली, सोडली की घुमारा चढतो, उतरतो. मडक्याची भिंत जाड राहिली तर आवाज ठोकळ येतो. फार पातळ झाली तर कातडं वाळून आकसताना काठावर जो ताण येतो त्यानं तडा जाण्याची भीती. चतुर्थीला घुमट आरतीत शामेळ हा ढोल आणि कांसाळी म्हणजे झांजा यांच्या जोडीनं तो वाजतो, शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, सुंवारी या वादनप्रकारात वाजतो, जागोर या रात्रीच्या लोकनाट्यात वाजतो, आणि एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या ख्रिस्ती घरांत बहरलेल्या मांडो या गीतप्रकारात व्हायोलिनच्या शेजारीही तोच असतो. धर्म वेगळा, ऋतू वेगळा, ताल वेगळा, पण मडकं आणि तळव्याची ती उघडझाप एकच.

फुलपाखरांत असंच घडलेलं आहे. ‘डिस्टल-लेस’ नावाचं जनुक कीटकांचे पाय बाहेर काढण्याच्या कामाचं. १९९४ मध्ये दिसलं की फुलपाखराच्या पंखावरचा डोळ्यासारखा ठिपका जिथं उमटणार, तिथंही तेच जनुक चालू होतं. ठिपक्यासाठी नवं हत्यार घडवलं गेलं नाही, पायाचं हत्यार दुसऱ्या जागी, दुसऱ्या वेळी बाहेर काढलं गेलं.

आता घुमटाचं कातडं. ते परंपरेनं घोरपडीचं : पातळ, चिवट, ताण धरून ठेवणारं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपड मारणं गुन्हा ठरलं, आणि ते योग्यच होतं. एकाच समारंभात वाजणाऱ्या वाद्यावर अशी वेळ आली असती तर ते वाद्य बहुधा संग्रहालयात गेलं असतं. घुमटावर आरती, सुंवारी, जागोर, मांडो इतकं सगळं टेकलेलं होतं की तो जाऊ देणं कोणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून बकऱ्याचं कातडं आलं. ते जाड असतं, तासून पातळ करावं लागतं. भाद्रपदातल्या दमट हवेत ते ओल पितं आणि सैल पडतं. मग निखाऱ्याजवळ धरून तापवावं लागतं. जास्त तापलं तर काठाशी फाटतं, कमी तापलं तर दोन आरत्यांत पुन्हा बसतं. जाड कातड्यावर बोटाचा नाजूक बोल दबतो, म्हणून हात जरा जोरानं पडू लागतो. म्हणजे बदल कातड्यावर थांबत नाही, हळूहळू हातातही उतरतो. मडकं मात्र जागचं हललं नाही.

इथं स्टिकलबॅक माशाची गोष्ट जुळते. समुद्रातल्या या बोटभर माशाला पोटाखाली काटे असतात. हिमयुग सरल्यावर गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकलेल्या त्याच्या कितीतरी वंशांनी, एकमेकांपासून दूर राहूनही, हे काटे गमावले. काटे घडवण्यात भाग घेणारं जनुक शोधलं, तर ते या माशांत पूर्ण शाबूत. ते मोडणं शक्यच नव्हतं, कारण जबड्यात आणि मेंदूखालच्या ग्रंथीतही त्याचं काम असतं. गळून गेली होती ती फक्त ‘पोटाखाली चालू हो’ असं सांगणारी कळ. २०१०च्या सुमारास डीएनएचा तो हरवलेला तुकडाच दाखवून दिला गेला. रुतलेल्या गोष्टीला हात न लावता तिच्या एका कळेपाशी बदल करणं, हा उत्क्रांतीचा आवडता मार्ग आहे. परंपरेत काही बदलू पाहणाऱ्यानंही आधी विचारावं : मी जनुकाला हात घालतोय की कळेला?

वेळेची गंमत वेगळी. ॲक्झोलोटल नावाचा मेक्सिकोतला उभयचर पिल्लाचे कल्ले आयुष्यभर ठेवून तसाच प्रजननक्षम होतो. वाढीतल्या पायऱ्यांचा वेग मागेपुढे झाला की नवाच प्राणी दिसू लागतो. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत जत्रेच्या रात्री होणारा दशावतार याच नजरेनं पाहावा. पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, मग काळ्या वेषातला संकासुर येऊन लोकांच्या बोलीत लोकांशीच बोलतो. हे सगळं ठरलेलं. त्यानंतर उत्तररंगात पुराणातलं आख्यान, आणि त्याला लिहिलेली संहिता नाही. प्रयोगाआधी कथा सांगितली जाते, कोणी कोणत्या प्रवेशात यायचं ते ठरतं, संवाद मात्र नट जागेवर रचतात. पहाटे दहीकाला.

रात्रभराचा प्रयोग तीन तासांत बसवायचा झाला की कात्री कुठं लागते? बहुतेक ठिकाणी आडदशावतारावर. प्रेक्षक आख्यानासाठी आलेले असतात, ट्रिकसीनसाठी, म्हणजे चमत्कारांच्या करामतींसाठी, आलेले असतात, म्हणून हे हिशेबाला धरून वाटतं. वाढीच्या दृष्टीनं मला तो हिशेब उलटा वाटतो. आख्यानात नटाला प्रसंगी तासभर स्वतःची वाक्यं स्वतः रचावी लागतात, पुराण तोंडपाठ लागतं, समोरच्याचा शब्द झेलावा लागतो. नवशिक्याला हे पहिल्या दिवशी झेपणार नाही. आडदशावतारातल्या ठरलेल्या चाली, थोडे संवाद आणि पखवाजाच्या आधारानं होणारे प्रवेश हे त्याला उजेडात उभं राहायला शिकवणारी जागा होऊ शकतात. ती जागा आखडली, तर दोनच परिणाम संभवतात. एक, नवे नट दुसरीकडे, म्हणजे लिखित नाटकांत तयार होऊन येतील आणि आपल्याबरोबर पाठ केलेले संवाद आणतील. दोन, आख्यानालाच संहिता लागू लागेल. दोन्हींत जे हरवेल ते आख्यानातलं, कात्री लागली ती पूर्वरंगाला. वाढीतल्या आधीच्या पायरीवरचा घाव नंतरच्या पायरीवर, आणि तोही एका पिढीच्या अंतरानं दिसतो. म्हणून कापणाऱ्याला आपण काय कापलं ते कळत नाही.

तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या बांध्यात आहे. १८९२ मध्ये मुंबईत ‘इटालियन भुरगो’नं सुरुवात झाल्यापासून तियात्राचे पडदे, म्हणजे अंक, आणि दोन पडद्यांमधली कांतारां, म्हणजे गाणी, वेगवेगळी चालतात. कांताराला कथेशी बांधून घ्यावं लागत नाही. ताज्या राजकारणावरचं कांतार आज घातलं, उद्या काढलं, तरी कथेला ओरखडा उठत नाही. नव्या गायकाला एका कांतारापुरतं उभं राहता येतं. किड्यामुंग्यांचं अंग खंडाखंडांचं असण्याचा फायदा असाच : एका खंडावरचा पाय बदलून जबड्याचा भाग झाला तरी बाकीचे खंड चालत राहतात.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांचा १९५३चा प्रयोग मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. त्यांनी फळमाशांच्या कोषांना चार तास ४० अंश सेल्सिअसचा चटका दिला. त्यामुळे काही माशांच्या पंखांतली एक आडवी शीर नाहीशी झाली. त्यांनी त्याच माशांची पैदास पुढे चालू ठेवली, दर पिढीला चटका दिला, दर पिढीला शीर नसलेल्याच निवडल्या. सुमारे चौदा पिढ्यांनंतर चटका न देताही शीर नसलेल्या माशा निघू लागल्या. बाहेरून आलेल्या धक्क्याला दिलेलं उत्तर आता धक्क्याशिवायच उगवत होतं.

वास्को शहरातला दामोदर सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. गावात साथ पसरली होती. लोक जांबावलीला दामोदराकडे गेले, तिथून नारळ आणला आणि अखंड भजन मांडलं, असं सांगितलं जातं. साथ गेली. सप्ताह मात्र दर श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी उगवतो. नवं श्रीफळ ठेवून चोवीस तासांचं अखंड भजन, मागच्या वर्षीच्या नारळाचं समुद्रात विसर्जन, आणि पुढे कित्येक दिवस फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार. चटका संपला, उत्तर पक्कं झालं. हे कसं घडलं असेल? वॉडिंग्टनच्या माशांत वाटा आधीच होत्या, निवडीनं त्या खोल केल्या. इथंही भजनाची परंपरा गावोगाव होती, पाळीपाळीनं गाणारी भजनी मंडळं होती. अखंड भजनाला लागतं ते वेळेचं वाटप : कोणता वाडा, कोणता समाज कोणत्या प्रहरी बसणार. हे वाटप एकदा बसलं की दर वर्षी त्या प्रहराला कोणीतरी उत्तरदायी असतं. माझ्या समजुतीप्रमाणे सप्ताह टिकला तो श्रद्धेइतकाच या पाळीमुळे. पाळी चुकवणारा सगळ्यांना दिसतो.

या प्रकारच्या बदलाची सुरुवात कशी ओळखावी? भातखाचरांच्या कडेला संध्याकाळी उडणारं मेलानायटिस लेडा हे तपकिरी फुलपाखरू पावसाळ्यात पंखाखाली ठसठशीत डोळे घेऊन येतं, आणि कोरड्या दिवसांत तेच ठिपके जवळपास पुसून वाळक्या पानासारखं होतं. जात एकच. अळीला वाढताना कशी हवा मिळाली त्यावर रूप ठरतं. शिगम्याचं आज तसंच आहे. फाल्गुनात गावच्या मांडावर नमन झाल्याशिवाय काही सुरू होत नाही, मेळ घरोघर जातो, दिवस गावाच्या रिवाजाचे. शहरातल्या मिरवणुकीत तोच मेळ रस्त्याच्या लांबीत, परीक्षकांसमोर, ठरलेल्या मिनिटांत, चित्ररथांच्या मधे नाचतो. ढोल-ताशे एकच, रूपं दोन. जीवशास्त्रज्ञ मेरी जेन वेस्ट-एबरहार्ड यांनी २००३ मध्ये आग्रहानं मांडलं की बदलाची सुरुवात बहुधा अशा लवचिकतेतून होते आणि जनुकं मागाहून येतात. तेव्हा दोन रूपं असण्याची मला भीती वाटत नाही. पाहायचं ते हे : मिरवणूक रद्द झाली तर मेळ मांडावर येतो का? कोविडच्या काळात मिरवणुका थांबल्या तेव्हा हा प्रयोग आपसूक झाला. ज्या गावांत मोजकी माणसं का होईना नमनाला जमली, तिथं मिरवणूक हे एक ऋतूतलं रूप आहे. जिथं मिरवणूक नाही म्हणून शिगमोच झाला नाही, तिथं चटका मुरलेला आहे.

साधर्म्याला मर्यादा आहेत, आणि त्या कडकपणे सांगाव्या लागतात. एक तर मोहात पाडणारी खोटी साम्यं. प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम : १५पासून १९१पर्यंत जाती सापडतात, सम संख्येची जात नाही. निदान काही गोमांत खंड दोन-दोनच्या लयीत घडतात, आणि त्यात कारणाचा एक धागा सापडतो. धालोच्या रात्रीही पाच, सात, नऊ. हे वाचून कोणाला दोन्हींत एकच नियम दिसेल, पण तसं नाही. रात्रींची संख्या शुभाशुभाच्या समजुतीनं ठरते, आणि एखादं गाव उद्या सहा रात्री करू शकेल. गोमेला ती मुभा नाही. कारण तपासल्याशिवाय आकार जुळवू नये.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर. १८६६ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी सांगितलं की गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या पायऱ्या पुन्हा चढतो. तो नियम जीवशास्त्रातच टिकला नाही. पण त्याआधी तो समाजांवर लावला गेला : काही लोक म्हणजे मानवजातीचं बालपण, काही प्रौढ. कोणाला राज्य करायचा अधिकार आहे हे त्यातून ठरवलं गेलं. कुणब्यांचा, गावड्यांचा, वेळिपांचा नाच ‘आदिम’ आणि सभागृहातला ‘विकसित’ असं जेव्हा सहज लिहिलं जातं, तेव्हा हेकेलची सावली अजून हलते. जागोर आणि तियात्र यांत कोणी कोणाचं बालपण नाही. दोघांनाही आजपर्यंत सारखाच वेळ मिळाला आहे.

शिवाय माणूस शेजाऱ्याकडून शिकतो, शत्रूकडूनही शिकतो, वयाच्या साठीत शिकतो. गर्भाला हे जमत नाही. म्हणून मी या शास्त्राकडून उत्तरं मागत नाही. त्याचे प्रश्न मात्र उसने घेते : काय आधी येतं? त्यावर काय टेकलं आहे? चालू करणारी कळ कुठं आहे? नवखा माणूस कोणत्या जागी आत शिरतो?

धालो नोंदवायला जाणाऱ्यानं हेच प्रश्न बरोबर न्यावेत. नोंद करताना सर्वांत मोठी चूक होते ती सद्‌भावनेतूनच. गावातल्या उत्तम गाणाऱ्या बाईला दुपारी बाजूला बसवून सगळी गाणी सलग म्हणायला सांगितली जातात. ती बिचारी प्रत्येक चरण एकदाच म्हणते, कारण उचलायला समोर कोणी नाही. तीच ध्वनिफीत पुढे कार्यशाळेत वाजते, शिकणाऱ्या मुली ती ऐकून सलग म्हणायला शिकतात, आणि रंगमंचावर चोवीस जणी एका सुरात उभ्या राहतात. दोष कोणाचाच नाही, पण साखळी अशीच आहे.

त्यापेक्षा रात्री मांडावर जावं. मांडाच्या मधोमध एक मायक्रोफोन ठेवला तर दोन रांगांचे आवाज एकमेकांत मिसळतात, म्हणून दोन ठेवावेत, प्रत्येक रांगेच्या मागे एक, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवून दोन्ही नोंदी जुळवायची सोय करावी. एकच गाणं निदान तीन वेगवेगळ्या रात्री घ्यावं. त्यातले कोणते शब्द तिन्ही रात्री तेच राहतात आणि कोणते हलतात, ते वेगळ्या रंगांत लिहावं. चूक झाली की कोण सुधारतं, कोणती चूक सगळ्या जणी तशीच जाऊ देतात, हे टिपावं. काही फरक वाढ पोटात घेते आणि काही घेत नाही, ही वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्येच मांडलेली कल्पना इथं डोळ्यांसमोर दिसते. पहिल्या रांगेचा चरण संपल्यापासून दुसरीनं उचलेपर्यंत किती क्षण जातात ते मोजावं. रांगेतल्या प्रत्येकीची जागा आणि अंदाजे वय एका ओळीत मांडावं, आणि कोणत्या रात्री कोणत्या मुलीचं तोंड पहिल्यांदा उघडलं, ते तिच्या जागेपुढे लिहावं. मुलींची नावं लिहिण्याची गरज नाही.

आणि रंगमंचावर न्यायचंच झालं, दहाच मिनिटं असली, तरी चार गाण्यांऐवजी दोन घ्यावीत, पण उचल कापू नये. रांगा प्रेक्षकांकडे वळवण्याऐवजी रंगमंचावर उभ्या लावाव्यात, मागच्या पडद्यापासून पुढच्या कडेपर्यंत, तोंडं एकमेकींकडे. प्रेक्षकांना पाठमोऱ्या बायका दिसणार नाहीत, बाजूनं दिसतील, आणि मधली मोकळी जागा सरळ डोळ्यांसमोर येईल. रांगेच्या पुढच्या टोकाला, दिव्यांच्या अगदी जवळ, लहान मुलगी उभी करावी. पहिला चरण होईल. समोरची रांग तो उचलेल. तिचे ओठ अर्धा क्षण उशिरा हलतील.